विंडोज १० चा सपोर्ट संपला, आता पीसीवर काय टाकावं? विंडोज ११, लिनक्स का मॅक

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून जो तो एकच विचारायलाय, आता काय टाकू. दुकानवाला म्हणतो नवीन पीसीच घ्या, पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणतो काका लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाका लई भारी आहे, आणि घरात एकजण तरी यूट्यूब बघून अ‍ॅपलच्या मॅक मिनी पीसीचं नाव काढतोच. तिघंबी आपापल्या जागी बरोबर असतील पण हा पीसी नेमका कोणत्या कामाला आहे हे तिघांपैकी एकानंबी विचारलेलं नसतं.

पहिले ते भ्या मनातून काढा. सपोर्ट संपला म्हणून पीसी बंद पडत नाही, उद्याबी चालू होणार, परवाबी होणार. बंद झालं ते एवढंच की सिस्टीममधी नवीन भोक सापडलं तर ते बुजवायचं अपडेट आता मायक्रोसॉफ्टकडून फुकटात आपोआप येणार नाही. आता कुणी म्हणंल अपडेट नाही तर काय बिघडतं, तर मे २०१७ चा वॉनाक्राय नावाचा फायली अडवून खंडणी मागणारा व्हायरस आठवा, त्याचं अपडेट मार्चमधीच आलेलं होतं, ज्यांनी टाकलं नव्हतं किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ते मिळालंच नव्हतं त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. म्हणून बँकेचं, जीएसटीचं काम ज्या पीसीवर चालतं तिथं अपडेट टाळू नका. तोवर घाई नको असंल तर विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल नावाची लिंक दिसते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करून पीसीची सेटिंग्ज सिंक करायला दिली की पैसे लागत नाहीत. फक्त तुमचं विंडोज १० हे २२एच२ व्हर्जन पाहिजे. ते बघायला विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, विनव्हर टाईप करा, समोर येतं.

आधी तुमचं काम कशावर अडतं ते काढा

कोणती सिस्टीम चांगली हा प्रश्न मी लोकांना विचारूच देत नाही. एक कागद घ्या आणि आठवडाभर त्या पीसीवर जे जे उघडलं आणि जे जे यूएसबीला जोडलं ते लिहीत जा. मग एकेक ओळ बघा. ब्राउझरमधी होणारं काम असंल, म्हणजे सातबारा काढणं, फॉर्म भरणं, मेल, यूट्यूब, तर ते कुठंबी होतं. प्रोग्राम असंल तर तो कोणत्या सिस्टीमसाठी बनतो ते बघा. आणि वायर जोडून चालणारं यंत्र असंल तर सगळ्यात जास्त ध्यान तिथं द्या कारण माणूस बहुतेक तिथंच अडकतो.

आपल्याकडं वारंवार अडणारी नावं सांगतो. टॅली विंडोजसाठीच बनतं. लिनक्सवर वाईन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून चालवतो म्हणणारे भेटतील, पण मार्चएन्डला ते रुसलं तर सीए साहेब तुमचं वाईन ऐकून घेणार नाहीत. छापखान्याचं, लग्नपत्रिकेचं, डीटीपीचं काम असंल तर श्रीलिपी, आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं आणि अजूनबी काही जणांचं पेजमेकर, हे सगळं विंडोजवर. कोरल आणि फोटोशॉप विंडोज आणि मॅक दोन्हीवर आहे, लिनक्सवर नाही. सेवा केंद्र असंल तर बोटाचं मशीन आलं, त्याची आरडी सर्व्हिस (बोटाचा ठसा आधारच्या तपासणीला पाठवणारं सॉफ्टवेअर) मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड धरून दिलेली असते. डिजिटल सहीचं डोंगल लिनक्सवर जमवता येतं पण दर वेळी पोर्टलचं सही करायचं सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि डोंगलचा ड्रायव्हर (यंत्राची सिस्टीमशी ओळख करून देणारं सॉफ्टवेअर) ह्या तिघांचं गणित जुळवत बसावं लागतं, टेंडर भरायच्या शेवटच्या दिवशी कुणाला वेळ आहे एवढा.

ह्यातलं एक जरी नाव कागदावर आलं तर त्या पीसीवर विंडोज, विषय संपला, खाली लिनक्सचं कितीबी कौतुक वाचलं तरी मन पालटू नका. आणि कागदावर फक्त ब्राउझर, पीडीएफ, वर्ड-एक्सेलच्या साध्या फायली, गाणी, लेक्चर एवढंच असंल तर तुम्ही मोकळे, पुढं वाचा.

एक सांगायचं राहिलं, पोरांचे क्लास. लातूर नांदेडच्या क्लासेसचे रेकॉर्डेड लेक्चर बऱ्याच ठिकाणी ब्राउझरमधी चालतात पण काहींचं स्वतःचं विंडोज अ‍ॅप असतं आणि ते लिनक्सवर उघडत नाही. फी भरायच्या आधी विचारा.

विंडोज ११: सगळ्यांच्या ओळखीचं, पण जुन्या मशीनला दारात उभं करत नाही

विंडोजची सगळ्यात मोठी ताकद तांत्रिक नाहीच. उदगीर असो, वसमत असो का गेवराई, बिघडलं तर अर्ध्या तासात दुरुस्त करणारा माणूस मिळतो, प्रिंटरची सीडी विंडोजची असते, एमएस-सीआयटीला शिकवतात ते विंडोज, टायपिंग इन्स्टिट्यूटमधी तेच. फोनवरून कुणालाबी विचारलं तरी समोरच्याला तुमची स्क्रीन डोळ्यापुढं दिसते. लोक हा मुद्दा हलक्यात घेतात पण तालुक्याच्या ठिकाणी हाच लई महत्त्वाचा आहे.

दोष म्हणाल तर अटी. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीची सिस्टीम उघडू देणारी सोय) जमणारा बोर्ड लागतो, इंटेलचा प्रोसेसर असंल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. त्यातली ४ जीबी ही कागदावरची अट आहे, खरं चालवायचं तर ८ धरा. म्हणजे २०१५-१६ ला घेतलेला आय५, सहाव्या पिढीचा, अजून धडधाकट पळायलाय तरी बाहेर. लोकांचा राग आहे तो ह्यावरच, आणि मला तो पटतो.

पण दुकानदारानं "तुमचा चालत नाही" म्हणलं की लगेच पाकीट काढू नका. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे ते फुकट टाकून बघा, कोणत्या अटीवर अडलं ते स्पष्ट सांगतं. टीपीएमवरच अडलं असंल आणि प्रोसेसर चालण्यासारखा असंल तर बऱ्याचदा चिप असतेच, निस्ती बायोसमधी (पीसी चालू करताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधी) बंद असते, इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम असतं, ते चालू केलं की काम झालं. प्रोसेसरवर अडलं तर मात्र इलाज नाही. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं अट चुकवून टाकता येतं, टाकणारे टाकायलेत, पण अशा मशीनला पुढं अपडेट मिळंलच ह्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि कोअर टू ड्युओसारखा लई जुना प्रोसेसर असंल तर २४एच२ (२०२४ चं व्हर्जन) पासूनचं विंडोज ११ त्याच्यावर चालूच होत नाही.

बाकीचे दोष रोजचे आहेत. होम एडिशन टाकताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं, स्टार्ट मेनूत न मागितलेल्या सूचना आणि जाहिराती येतात, वनड्राइव्ह तुमचा डेस्कटॉप स्वतःहून उचलून वर टाकायला बघतं आणि मग ५ जीबी भरलं म्हणून पैसे मागतं. हे सगळं बंद करता येतं, पण ते बंद करत बसावं लागतं. आणि दुकानदारानं शंभर-दोनशे रुपयात चोरीचं विंडोज टाकून दिलं असंल तर त्याच्यात अ‍ॅक्टिव्हेटर नावानं काय काय बसवलंय ते त्याला बी माहीत नसतं, त्यापेक्षा विंडोज अ‍ॅक्टिव्हेट न करता वापरलेलं परवडलं, कोपऱ्यात वॉटरमार्क दिसतं, वॉलपेपर बदलता येत नाही, पण काम चालतं. अर्थात धंद्याला वापरणार असाल तर लायसन घ्याच.

लिनक्स: जुन्या मशीनला नवीन आयुष्य, पण सोबतीला माणूस कमी

लिनक्स म्हणजे एकच काहीतरी नाही. १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सनं जे सुरू केलं ते सिस्टीमचं इंजिन, त्याच्यावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी बॉडी बसवली. आपल्या सी-डॅकनं पण बॉस नावाचं एक काढलेलं आहे. नव्या माणसानं नावांच्या जंगलात जाऊ नये, सरळ लिनक्स मिंट घ्यावं. स्टार्ट बटण खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडं, विंडोज ७ वापरलेल्या माणसाला दहा मिनिटात हात बसतो. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेणार आहे. ४ जीबी रॅम असंल तर त्याचं हलकं एक्सएफसीई एडिशन घ्या, ८ असंल तर सिनॅमन.

ताकद काय, तर फुकट आहे, पेनड्राईव्हमधून येणारे ते शॉर्टकट व्हायरस झेरॉक्सच्या दुकानातून घरी आले तरी इथं चालतच नाहीत कारण ते विंडोजसाठी लिहिलेले असतात, अपडेट कधी टाकायचं ते तुम्ही ठरवता, आणि सहाव्या पिढीचा तो आय५ इथं आरामात पळतो. कॉम्प्युटर सायन्सच्या पोरांना तर हे शिकावंच लागणार कारण सर्व्हरवर बहुतेक ठिकाणी हेच असतं. विंडोजच ठेवायचं असंल तर त्याच्या आत डब्ल्यूएसएल ही मायक्रोसॉफ्टचीच सोय टाकून लिनक्स शिकता येतं, तेबी चालतं.

आता दोष. एमएस ऑफिस नाही. लिब्रे ऑफिस आहे आणि चांगलं आहे, पण वर्डमधली मराठी फाईल त्याच्यात उघडली की मंगल फॉन्ट नसल्यामुळं दुसरा फॉन्ट लागतो, ओळी सरकतात, दोन पानांचा अर्ज तीन पानांचा होतो. दुसऱ्याला पाठवायचं असंल तर पीडीएफ करून पाठवा. एक्सेलचे मॅक्रो असंल तर आशा सोडा. ऑनलाईन गेम खेळणाऱ्या पोरांनी आधी बघून घ्यावं, स्टीम ह्या गेमच्या ऑनलाईन दुकानातले बरेच गेम चालतात पण व्हॅलोरंटसारखे अँटी-चीटवाले चालत नाहीत.

आणि प्रिंटर! एचपीचे बहुतेक चालतात, एपसनच्या टाकीवाल्या प्रिंटरला ड्रायव्हर मिळतो, पण आपल्याकडं दर दुसऱ्या ऑफिसात जो कॅननचा एलबीपी २९०० बसलेला आहे तो लिनक्सवर लई छळतो. चालवतात लोक, पण चालवायला चिकाटी पाहिजे. स्वस्तातले यूएसबी वायफाय डोंगल पण असेच, काही लावले की लागतात, काही काहीबी केलं तरी लागत नाहीत. अशा वेळी अँड्रॉइड फोन वायरनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, ते लिनक्सला लगेच कळतं, निदान नेट तरी येतं आणि मग ड्रायव्हर शोधता येतो.

म्हणून न टाकता आधी बघा. ८ जीबीचा पेनड्राईव्ह घ्या (आतलं सगळं पुसलं जाणार, फोटो असतील तर काढून घ्या), मिंटच्या वेबसाईटवरून आयएसओ (अख्खी सिस्टीम असलेली एक फाईल) उतरवा, तीन जीबीच्या आसपास असते, म्हणजे मोबाईलचा रोजचा दीड-दोन जीबी पुरत नाही, कुणाच्या तरी वायफायवर बसून उतरवा. विंडोजमधी रुफस उघडून ती पेनड्राईव्हवर चढवा. पीसी बंद करून चालू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा, डेलला आणि बऱ्याच लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या बोर्डाला एफ८. पेनड्राईव्ह निवडला की हार्डडिस्कला हात न लावता मिंट चालू होतं. पेनड्राईव्हवरून चालतंय म्हणून हळू वाटंल, त्यावरून मत बनवू नका. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटरचं एक पान निघतंय का, तुमच्या रोजच्या दोन-चार साईट नीट उघडतायत का, हे बघा. इन्स्टॉल नावाचा आयकॉन डेस्कटॉपवर दिसंल, त्याला आजच शिवायची गरज नाही.

मराठी टायपिंग

तिन्ही सिस्टीमवर मराठी येतं, कुणी नाही म्हणत असंल तर ते जुन्या काळातलं सांगायलेत. विंडोजमधी भाषेच्या सेटिंगमधी मराठी जोडा, इनस्क्रिप्ट हा सरकारी मराठी कीबोर्ड मिळतो आणि २०१९ पासून फोनेटिक पण मिळतो, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटतं. विंडोज बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. मिंटमधी इनपुट मेथडमधी जाऊन आयबस नावाचं टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकायचं, मग मराठीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक दोन्ही आहेत. पहिल्यांदा बसवायला विंडोजपेक्षा दोन क्लिक जास्त लागतात, एकदा बसलं की बसलं.

खरी अडचण वेगळीच आहे. कृतिदेव, श्रीलिपी, डीव्ही-टीटी ह्या जुन्या फॉन्टमधी टाईप केलेल्या फायली. त्या फायलीत आतून मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट नसंल तर नुसतं अगडबगड दिसतं. लिनक्सवर त्याच फॉन्टची टीटीएफ फाईल टाकली तर वाचता येतं, पण टाईप करायचं सॉफ्टवेअर तिथं नाही. वीस वर्षाचे ठराव, उतारे, प्रश्नपत्रिका अशा फॉन्टमधी असतील तर कन्व्हर्टरनं युनिकोडमधी (कोणत्याबी सिस्टीमवर दिसणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरात) बदलून घ्या, मग सिस्टीम बदलायचा विचार करा. रेमिंग्टन ह्या जुन्या टाईपरायटरच्या कीबोर्डवर हात बसलेल्या जुन्या टायपिस्ट मंडळींना तर विचारून घ्या बाबांनो, त्यांचा वेग म्हणजे त्यांची भाकरी आहे.

लाईट, नेट आणि ऊन

हे सांगणारं कुणी भेटत नाही. लाईट अचानक जाणं हा आपल्या पीसीचा रोजचा कार्यक्रम आहे. विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची ईएक्सटी४ आणि मॅकची एपीएफएस, तिन्ही फाईल सिस्टीम अशा अपघातात मांडणी सांभाळायला बनवलेल्या आहेत, त्यामुळं नुसती लाईट गेली म्हणून सहसा काही जात नाही, सेव्ह न केलेलं तेवढं जातं. धोका असतो तो अपडेट चालू असताना. विंडोज बंद करताना "अपडेट चालू आहे, बंद करू नका" असं येतं आणि तीस टक्क्यावर लाईट जाते, पुढच्या वेळी ते मागं फिरवत बसतं. तिथं विंडोज अपडेट पॉझ करता येतं, पाच आठवड्यांपर्यंत, आणि तुमच्या फीडरचं भारनियमन कधी असतं ते तुम्हाला माहीतच आहे, त्याच्यानंतरच्या वेळेत अपडेट टाका. मिंट विचारल्याशिवाय रिस्टार्ट करत नाही, शिवाय टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, अपडेटच्या आधीची स्थिती साठवून ठेवते, गडबड झाली तर मागं जाता येतं. सिस्टीम कोणतीबी असू द्या, डेस्कटॉपला छोटा यूपीएस पाहिजेच.

नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून घेत असाल तर विंडोजमधी त्या वायफायला मीटर्ड (म्हणजे मोजका डेटा असलेलं) करून ठेवा, नाहीतर सकाळी नऊलाच दिवसाचा डेटा संपला म्हणून मेसेज येतो.

आणि एप्रिल-मेमधी परभणी नांदेडकडं ४२ डिग्री असताना पीसी हळू झाला तर सिस्टीमला शिव्या द्यायच्या आधी कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ काढा. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो, त्याला विंडोजबी तेच आणि लिनक्सबी तेच.

मॅक आणि क्रोम

मॅकबद्दल थोडक्यात. मशीन उत्तम, वीज कमी खातं, शांत चालतं, व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला तर तोडच नाही. पण मॅकओएस फक्त अ‍ॅपलच्या मशीनवर अधिकृतपणे चालतं, म्हणजे जुना पीसी वाचवायच्या प्रश्नावर हे उत्तर नाहीच. एम४ चा मॅक मिनी भारतात ५९,९०० ला आला होता, स्क्रीन कीबोर्ड वेगळे, आणि रॅम नंतर वाढवता येत नाही. सेकंडहँड इंटेलचा मॅक स्वस्तात मिळायलाय म्हणून भुलू नका, २०२५ चं मॅकओएस टाहो हे इंटेल मॅकसाठी शेवटचं आहे. बिघडल्यावर संभाजीनगर किंवा पुणे गाठायची तयारी ठेवा.

गुगलची क्रोमओएस फ्लेक्स ही सिस्टीम फुकट आहे, ४ जीबी रॅमवर चालतं, ब्राउझरशिवाय फारसं काही नाही आणि प्ले स्टोअरचे अ‍ॅप त्याच्यात येत नाहीत. आजोबांना बातम्या आणि कीर्तनं बघायला मस्त. नेट नसंल तर मात्र निस्ता शोभेचा.

बदलायचं ठरलंच तर असं बदला

सगळ्यात सोपी आणि बिनधोक युक्ती म्हणजे जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही. नवीन २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच वायरवर चालणारी लई वेगवान डिस्क) आणा, पीसी बंद करून प्लग काढा, जुन्या हार्डडिस्कची वायर काढून नव्या एसएसडीला लावा आणि नवीन सिस्टीम तिच्यावर टाका, विंडोज ११ असो का मिंट. जुनी डिस्क कपाटात. महिनाभर वापरा, नाही जमलं तर वायर परत जुन्या डिस्कला, पीसी जसाच्या तसा. जमलं तर जुनी डिस्क परत जोडून फायली ओढून घ्या. आणि खरं सांगायचं तर हार्डडिस्कवरून एसएसडीवर आल्यानं जो फरक पडतो तो कोणतीबी सिस्टीम बदलून पडत नाही. काहीजण लिनक्स टाकल्यावर पीसी पळायला लागला म्हणून सांगत फिरतात, त्यातला अर्धा गुण एसएसडीचा असतो.

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचे असतील तर आधी बॅकअप घ्या, मग विंडोजमधी फास्ट स्टार्टअप (पीसी लवकर चालू व्हायची सोय) बंद करा कारण ते चालू असलं की विंडोजचं पार्टिशन लिनक्सला लिहायला मिळत नाही. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एनक्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा, नवीन लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं, त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा. विंडोज आधी टाकायचं, लिनक्स नंतर. दोन्ही टाकल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं दिसंल, घाबरू नका, बॅटरी गेलेली नाही, लिनक्स बोर्डातलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतं आणि विंडोज तीच वेळ आपली समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की दोन्हीकडं एकच वेळ दिसते.